चारशे दहा

माझा आकडा चुकत नाही, हे मी सव्वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. आमच्या लॅबमध्ये रिसेप्शनवर एक मुलगी आहे. श्वास न घेता बोलते म्हणून आम्ही तिला एक्स्प्रेस म्हणतो. ती माझी नक्कल करते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढते, मान तिरकी करते आणि म्हणते, "आकडा बरोबर आहे, पेशंट चुकलाय." एकदा मी दारात उभी राहून ती अख्खी नक्कल पाहिली. चांगली जमली होती, म्हणून काही बोलले नाही.

त्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला माझी ताई लॅबमध्ये आली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे अठ्ठावन्नची. शिवणकाम करते, पडदे आणि शाळेचे गणवेश. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर बसलेली असते. पंधरा दिवसांपूर्वी पडदा लावताना स्टुलावरून घसरली, तेव्हापासून डावी पोटरी दुखत होती. ती जरा सुजलीही होती. दुपारी एकच्या बसने ती लेकीकडे निघाली होती. भाचीचं बाळंतपण दहा दिवसांवर आलं होतं आणि प्रवास होता सोळा तासांचा. फॅमिली डॉक्टरांनी टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी दोन सेंटिमीटर जाड भरली. "स्नायू दुखावलाय बहुतेक," ते म्हणाले, "पण एवढं लांब बसून जायचंय, तर शिरेत गुठळी नाही ना, याची रक्ताची एक तपासणी करून घ्या. आकडा कमी आला तर खुशाल जा."

"घे बाई रक्त," ताई खुर्चीत बसत म्हणाली. "आणि या वेळी जरा नीट मोज."

'या वेळी' हे शब्द तिने मुद्दाम वापरले होते. चार वर्षांपूर्वी तिला ताप येऊन गेला आणि त्यानंतर पाय सुजले. तेव्हा हीच तपासणी मीच केली होती. आकडा जास्त आला. मी घर डोक्यावर घेतलं. तिचं तिकीट रद्द करायला लावलं, तिला सोनोग्राफीला नेलं, आणि निघालं काहीच नाही. तिकडे भाची पदवीदान समारंभात एकटी उभी राहिली. सगळ्यांच्या आया समोर बसलेल्या आणि हिची खुर्ची रिकामी. खरं सांगायचं तर तपासणी तेव्हाही चुकली नव्हती. आपल्या शरीरात गुठळी होते ती प्रथिनाच्या बारीक धाग्यांची जाळी असते. शरीर ती जाळी कापून काढतं, तेव्हा तिचे तुकडे रक्तात उतरतात. आम्ही ते तुकडे मोजतो. ते कमी असतील तर गुठळी बहुधा नाही. जास्त असतील तर ती असेलच असं नाही, कारण ताप, मार, सूज, गरोदरपण, नुसतं वयसुद्धा हा आकडा वाढवतं. मला हे सगळं पाठ होतं. पण ताईला समजावून सांगायच्या ऐवजी मी तिला घाबरवलं होतं, आणि नंतर साधं 'सॉरी'सुद्धा म्हटलं नव्हतं. आकडा बरोबर होता ना, मग सॉरी कशाला?

तिचा दंड बांधला, शीर मिळाली. निळ्या टोपणाच्या नळीत आधीच मोजून औषध घातलेलं असतं, म्हणून रक्त बरोबर रेघेपर्यंत भरावं लागतं. मी ते अगदी रेघेवर थांबवलं.

"बघ कसं भरलंय," मी म्हटलं.

"हो गं आकडेबाई. आता यावर फुलं वाहू का?"

तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. त्यात बारा झबली. गणवेशांच्या शर्टांतून उरलेल्या मऊ सुती कापडाची, प्रत्येकाची शिवण आतून दुमडलेली, बाळाला टोचू नये म्हणून. मी म्हटलं, एवढ्या झबल्यांत तीन बाळं मावतील. ती म्हणाली, तुला काय कळतंय, बाळं दिवसाला सहा ओली करतात.

पावणेदहाला आकडा आला, चारशे दहा. रिपोर्टवर शेजारी छापलेलं, 'सामान्य : ५०० पेक्षा कमी'. मी फॅमिली डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणायचं असतं, म्हणजे यांना पाचशे ऐंशीपर्यंतही चाललं असतं. मग तर प्रश्नच मिटला. मी ताईला फोन करून सांगितलं, "जा बिनधास्त." ती इतकी खूश झाली की तिने मला पटकन 'शहाणी आहेस' म्हटलं. लहानपणापासून हा शब्द ती मला टोमणा म्हणूनच मारायची, आज पहिल्यांदा सरळ वापरला. दिवसभर मी त्याच खुशीत काम करणार होते.

तीन वाजता गर्दी ओसरली आणि मी कंट्रोलचा तक्ता काढला. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून येणारी बाटली. तिच्यातला आकडा किती यायला हवा ते आधीच माहीत असतं. रोज सकाळी पेशंटच्या आधी ती तपासायची आणि आकडा कागदावर ठिपका देऊन मांडायचा. रोजचा ठिपका रोज द्यायचा, हा नियम लॅबमध्ये मीच आणला आणि तो मोडणाऱ्या दोघांना मी रडवलंही आहे. पण गेले दोन आठवडे तापाची साथ होती. बाटली रोज तपासत होते, आकडा वहीत लिहून ठेवत होते, ठिपके मात्र राहून गेले होते. आता एकदम बारा दिवसांचे द्यायला बसले.

पहिला ठिपका नऊशेवर, नेहमीच्या जागी. दुसऱ्या दिवसापासून चारशे पन्नास. मग रोज तेवढ्यातच. दुसऱ्या दिवशी आम्ही नवं किट लावलं होतं, कारण जुन्या कंपनीचा माल यायचा बंद झाला. नव्या किटसोबत नवी बाटली आली आणि तिच्या चिठ्ठीवर चारशे ते पाचशे यायला हवं असं लिहिलेलं होतं. म्हणून रोज सकाळी मी 'बरोबर' म्हणून पुढे गेले. नवी बाटली, नवा आकडा, यात काही नवल नव्हतं. पण बाटल्या दोन असतात, एक कमी आकड्याची आणि एक जास्त. जास्तवाली अठराशे यायची, ती आता नऊशे येत होती. दोन्ही बरोब्बर निम्म्या. एक निम्मी आली असती तर मी सोडून दिलं असतं.

किटच्या खोक्यात एक माहितीपत्रक असतं. सोळा घड्या घातलेलं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. ती पत्रकं मी ड्रॉवरमध्ये टाकते. सव्वीस वर्षं हेच काम करतेय, मला कोण शिकवणार, असा माझा हिशेब. त्या दिवशी मी ते उलगडलं, भिंग घेतलं आणि चौथ्या पानावर सापडलं. जुनं किट तुकड्यांचं वजन अख्ख्या मूळ धाग्याच्या हिशेबाने सांगायचं. नवं किट नुसत्या तुकड्याचं वजन सांगतं. शेंगा टरफलासकट तोलायच्या की दाणे काढून, एवढाच फरक. म्हणून आकडा निम्मा आणि सामान्यची मर्यादाही निम्मी, दोनशे पन्नास. वयाची सवलत धरली तरी ताईची मर्यादा दोनशे नव्वद होत होती.

ताईचा आकडा चारशे दहा होता.

रिपोर्टचा छापील साचा कॉम्प्युटरमध्ये मीच बनवलाय, सहा वर्षांपूर्वी. त्याला कोणी हात लावलेला मला खपत नाही, एक्स्प्रेसने एकदा अक्षर मोठं केलं तर मी तिला दिवसभर फैलावर घेतलं होतं. त्या साच्यात 'पाचशेपेक्षा कमी' तसंच राहिलं होतं. कंपनीने लिहून दिलं होतं, मशीनने बरोबर मोजलं होतं, नळी रेघेपर्यंत भरली होती. चुकले होते ती मी.

घड्याळात तीन वीस झाले होते. बस सुटून दोन तास वीस मिनिटं झाली होती, आणि ताई त्यात पाय लटकवून बसलेली होती. पोटरीतली गुठळी तिथेच राहिली तर पाय दुखतो. सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. हे वाक्य मी लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना कितीदा सांगितलंय.

मी ताईला फोन लावला.

"बोल गं," ती म्हणाली. मागे बसचा आवाज, कोणीतरी खिडकी सरकवत होतं.

"ताई, ऐक. पुढच्या मोठ्या गावाला बस थांबली की उतर. तुझा आकडा जास्त आहे. सोनोग्राफी करायलाच हवी, ताबडतोब."

"सकाळी कमी होता, आता जास्त झाला? बसमध्ये वाढला का?"

"मस्करी नको. मी सांगतेय ना, उतर म्हणजे उतर. गुठळी असेल तर जीवावर बेतेल."

"परत सुरू झालं का तुझं?" तिचा आवाज बदलला. "मागच्या वेळी हेच शब्द होते तुझे. जीवावर बेतेल. काय बेतलं गं? माझ्या लेकीने एकटीने फोटो काढून घेतला. आता ती पोटुशी आहे, वाट बघत बसलीये, आणि तुला परत आकडा आठवला. मी नाही उतरणार. तू घरी जाऊन झोप." आणि तिने फोन ठेवला.

मी परत लावला, तिने कापला. आणखी एकदा लावला, तोही कापला. मला तिचा इतका राग आला की टेबलावरचं टोपण मी भिरकावून दिलं. मग लक्षात आलं की मी तिला काय सांगितलं होतं. आकडा जास्त आहे, हे सांगितलं. उतर, हेही सांगितलं. सकाळचा कमी आकडा दुपारी जास्त कसा झाला, एवढं मात्र सांगितलं नव्हतं. ते सांगायचं तर एक शब्द उच्चारावा लागत होता आणि तो मी मोठ्या शिताफीने गाळला होता. बहीण मरायला निघाली होती आणि मी माझी अब्रू सांभाळत होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी एक्स्प्रेसला हाक मारली. "तुझा फोन दे. ताई माझा उचलत नाहीये."

तिने काही न विचारता दिला. हे तिच्या बाबतीत नवलच.

"हॅलो, कोण?" ताई म्हणाली.

"मीच. ठेवू नकोस. ताई, माझी चूक झाली."

तिने फोन कापला नाही.

"नवं किट आलं. त्याची मर्यादा दोनशे पन्नास आहे. मी रिपोर्टवर जुनी पाचशेच ठेवली. पत्रक वाचलंच नाही मी. तुझा आकडा सकाळीही जास्तच होता, मी तुला चुकीचं सांगितलं. आणि एक. आकडा जास्त म्हणजे गुठळी आहेच असं नाही. मागच्यासारखं काही निघणारही नाही कदाचित. हे मी तुला मागच्या वेळीच सांगायला हवं होतं. तेव्हाही चुकले, आजही चुकले. पण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. पाया पडते."

"काय म्हणालीस?"

"पाया पडते म्हटलं."

"ते नाही. त्याच्या आधी."

"चुकले मी."

मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला, ती कोणाशी तरी बोलत होती. "अहो ड्रायव्हरदादा, पुढे मोठं हॉस्पिटल कुठे आहे? ... मग तिथे उतरवा मला. आणि डिकीतली निळी बॅग माझी."

मी खुर्चीत बसले आणि रडले. एक्स्प्रेसने पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला.

मग मी आमच्या लॅबच्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कितीजण?" नव्या किटवर अकरा दिवसांत ही तपासणी एकोणीस जणांची झाली होती. त्यातले चौघे त्या मधल्या पट्ट्यात पडत होते, म्हणजे खरं तर जास्त पण कागदावर सामान्य. एक ताई. उरलेल्या तिघांना मीच फोन करते असं मी सांगितलं. एक बेकरीवाला, त्याच्या डॉक्टरांनी संशय आला म्हणून सोनोग्राफी आधीच करून घेतली होती, आणि ती स्वच्छ होती. दुसरी एक नर्स, ती शांतपणे म्हणाली, "बरं, संध्याकाळी करून घेते," आणि वर म्हणाली, "कळवलंत ते बरं केलंत." तिसरे एक निवृत्त शिक्षक. त्यांचा फोन बंद होता. तिघांच्याही डॉक्टरांना आमच्या डॉक्टरांनी स्वतः कळवलं. साचा बदलला आणि किटचं पत्रक भिंतीवर चिकटवलं, माझ्या डोळ्यांसमोर येईल असं.

टॅक्सी करून मी ताई उतरली त्या गावी पोचले, तेव्हा सहा वाजून गेले होते. हॉस्पिटल स्वच्छ आणि थंड होतं. ताई सोनोग्राफीच्या खोलीत आडवी, साडी गुडघ्याच्या वर, पायावर जेलचे ओघळ. तपासणारी डॉक्टर तरुण होती. ती शिरेवर यंत्र दाबत होती. "हे बघा," तिने पडद्याकडे बोट केलं, "शीर मोकळी असली तर दाबल्यावर चपटी होते." मांडीवर दाबलं, काळं वर्तुळ मिटलं. गुडघ्यामागे दाबलं. मिटलं नाही. तिने आणखी जोरात दाबलं. तरी नाही.

"आहे," ती म्हणाली.

ताईने माझा हात पकडला. बालवाडीच्या पहिल्या दिवशी मला सोडायला आली होती तेव्हा पकडला होता, तसा.

पोटात एक इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या, तीन महिने तरी घ्यायच्या. श्वास नीट होता, छाती दुखत नव्हती, गुठळी जागेवर होती. "योग्य वेळी उतरलात," डॉक्टर म्हणाली. "अजून तेरा-चौदा तास तसंच बसणं बरं नव्हतं. आता काही आठवडे लांबचा प्रवास नाही." ताईने मान हलवली. म्हणजे बाळंतपण गेलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

वॉर्डात खाटेवर बसवल्यावर मी म्हटलं, "ताई, भाचीपाशी तू नसणार, हे माझ्यामुळे झालं. सकाळीच बरोबर सांगितलं असतं तर—"

"सकाळी कळलं असतं तरी नसतेच गेले," ती म्हणाली. "वेडी आहेस का. गुठळी तू नाही घातलीस माझ्या पायात." मग तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "ही तू घेऊन जा. उद्याच्या बसने. माझ्याजवळ तुझे भावोजी येताहेत सकाळी. तिच्याजवळ कोणीतरी हवं. आणि दर तासाला बसमध्ये उठून चाल, तुझंही वय झालंय."

मी हो म्हटलं. बाहेर एक वॉर्डबॉय मामा ट्रॉली ढकलत गेले, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"ताई, पहिल्या फोनला तू का नाही उतरलीस?"

"तू ओरडत होतीस म्हणून. तू जन्मापासून ओरडतेस. त्याचं कोणी काय ऐकायचं?" ती उशीला टेकली. "दुसऱ्या फोनला मात्र मी घाबरले. त्रेपन्न वर्षांत तू कधी 'चुकले' म्हणाली नव्हतीस. काच फोडलीस तेव्हाही चेंडूची चूक होती. म्हटलं, ही असं म्हणतेय म्हणजे हिने खरंच काहीतरी बघितलंय."

मला हसू आलं. मी फोन काढून वेळ पाहिली.

"कोणाला लावायचाय?"

"एक शिक्षक आहेत. त्यांनाही मी चुकीचा रिपोर्ट दिलाय. दुपारपासून फोन बंद येतोय. वाटेत चारदा लावला."

"मग आता लाव की."

"बाहेर जाऊन लावते."

"बाहेर कशाला? इथेच लाव." ताईने डोळे मिटून घेतले. "आणि जरा मोठ्याने बोल. मला परत ऐकायचंय."

मी नंबर लावला. या वेळी घंटी वाजली, आणि चौथ्या घंटीला एका वयस्कर माणसाने उचलला.

"नमस्कार सर," मी म्हटलं, "लॅबमधून बोलतेय. तुमच्या रिपोर्टमध्ये माझी चूक झाली आहे."